खिडकी बंद करा आणि उभे राहा

(दहिसर पूर्व. अकरावीचा वर्ग, सोमवारचा पहिला तास.)

वह्या उघडू नका. आधी उभे राहा. सगळे. मागच्या बाकावरच्यांना वेगळं आमंत्रण लागतं का? आणि तू, ती खिडकी बंद कर. मेट्रोचा आवाज येतो म्हणून नाही. आज इथे जे बोललं जाणार आहे ते बाहेर जाऊ नये म्हणून. तुम्ही दुसऱ्यांची अब्रू चार इमारतींत वाटलीत. तुमची मी या चार भिंतींतच ठेवणार आहे. एवढा फरक तुमच्या-माझ्यात राहू दे.

गेल्याच्या गेल्या शनिवारी तुम्हाला हॉलमध्ये 'रिअर विंडो' दाखवला. आल्फ्रेड हिचकॉकचा, १९५४ सालचा. जग या चित्रपटाचा अभ्यास करतं, म्हटलं आमच्या मुलांनीही करावा. पाहा आणि रसग्रहण लिहून आणा, एवढंच सांगितलं होतं. वह्या यायच्या आधी तुमची ती क्लिप आली. मला पाठवणारी व्यक्ती तुमच्याच एका मैत्रिणीची आई. तिने खाली लिहिलं होतं, 'बाई, हे तुम्ही शिकवलंत का?'

काय होतं त्या क्लिपमध्ये, सांगू? की सांगतोस तू? नको, मीच सांगते. समोरच्या इमारतीतल्या नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण झालं. पुढचे चार दिवस ती बाई कोणाला दिसली नाही. तुम्ही गच्चीवर जमलात, मोबाइलचा झूम ताणलात, आणि रात्री साडेदहाला तो नवरा दोन मोठ्या पिशव्या घेऊन जिना उतरताना टिपलात. वर मथळा दिलात, 'मर्डर कन्फर्म'. खाली हसणारे पिवळे चेहरे. तासाभरात ती क्लिप तुमच्या ग्रुपवरून सोसायटीच्या ग्रुपवर, तिथून शेजारच्या सोसायटीत. दुसऱ्या दिवशी दूधवाला त्या माणसाला विचारत होता, 'वहिनी कुठे आहेत?' आणि विचारताना त्याच्या तोंडाकडे बघत होता. गुरुवारी वहिनी चिपळूणहून परत आल्या. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, म्हणून माहेरी गेल्या होत्या. पिशव्यांत रद्दी होती.

आणि मग तुमच्या ग्रुपवर काय आलं? हे मी मनचं सांगत नाही, वाचून दाखवते आहे. 'श्या! जिवंत आहे.' त्याला बाकीच्यांचे अंगठे. एक शेजारीण सुखरूप घरी आली आणि तुमचा हिरमोड झाला. सतराव्या वर्षी! पुन्हा ऐका नीट. एक बाई मेलेली नाही, याचं तुम्हाला वाईट वाटलं.

आता गंमत अशी, की हा प्रसंग त्या चित्रपटात जसाच्या तसा आहे. तुमच्यापैकी एकाच्याही वहीत तो नाही. खिडकीतून शेजाऱ्यांना न्याहाळणाऱ्या जेफचा पोलिसातला मित्र डॉइल येतो आणि सांगतो, समोरच्या थॉर्वाल्डची बायको गावाला गेली आहे, तिची पेटी तिने स्वतः ताब्यात घेतली आहे, त्याने तिचा खून केला या तुमच्या संशयात दम नाही. त्या क्षणी जेफ आणि त्याची मैत्रीण लिसा यांचे चेहरे पाहिलेत? पडलेले. लिसाच्याच ते लक्षात येतं. ती बोलून दाखवते, की एका माणसाने बायकोचा खून केलेला नाही हे कळल्यावर आपण दोघं असे खट्टू होऊन बसलोय, आपल्यासारखे भयंकर आपणच. खरं तर ती बाई जिवंत आहे म्हणून आनंद व्हायला हवा होता. मग ती उठते आणि खिडकीचे पडदे पाडते. हिचकॉकने १९५४ मध्ये तुमचा फोटो काढून ठेवला होता. तुम्ही तो पडद्यावर पाहिलात, पॉपकॉर्न खाल्लंत आणि तरीही स्वतःला ओळखलं नाहीत.

तुमच्या वह्यांत काय आहे? 'नायकाच्या निरीक्षणशक्तीमुळे गुन्हेगार पकडला जातो.' 'यातून आपण सदैव जागरूक राहावे हा बोध मिळतो.' हे वाक्य अकरा वह्यांत एकाच शुद्धलेखनाच्या चुकीसकट आहे, त्याचा हिशेब वेगळा करू. बोध! गाइड वाचल्यासारखा चित्रपट पाहता तुम्ही. शेवटच्या पानावरचं उत्तर तेवढं घ्यायचं आणि पुस्तक मिटायचं.

बसा आता. आणि जे पाहून पाहिलं नाहीत, ते ऐका.

गोष्ट साधी आहे. कॉर्नेल वूलरिचची १९४२ची एक कथा, तिच्यावर जॉन मायकेल हेजने पटकथा लिहिली. न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेजमधलं एक आवार, चारी बाजूंनी इमारती. जेफ हा छायाचित्रकार, म्हणजे जेम्स स्टुअर्ट, पाय प्लास्टरमध्ये, चाकाच्या खुर्चीत अडकलेला. उकाड्याचे दिवस, सगळ्यांच्या खिडक्या सताड उघड्या. त्या आवारासाठी पॅरामाउंट स्टुडिओत अख्खा सेट उभारला, त्यात ३१ घरं. उंची पुरेना म्हणून स्टुडिओची जमीन खोदून खालचं तळघर वापरलं. एवढा खटाटोप कशासाठी? कॅमेरा जवळजवळ पूर्ण वेळ एकाच खोलीत ठेवता यावा म्हणून. जेफला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. समोरच्या घरांतले शब्द आपल्याला धड ऐकू येत नाहीत. फक्त हालचाली दिसतात आणि त्यांचा अर्थ जेफ लावतो. तो लावतो म्हणून आपण लावतो. तुम्ही पिशव्या पाहिल्यात. रद्दी तुम्ही पाहिली नाहीत. मधली जागा तुम्ही स्वतःच्या डोक्यातून भरलीत आणि तिला पुरावा म्हणालात.

त्रुफो नावाच्या फ्रेंच दिग्दर्शकाने हिचकॉकची लांबलचक मुलाखत घेतली, तिचं पुस्तक १९६६ मध्ये निघालं. त्यात हिचकॉकने एक युक्ती समजावून सांगितली आहे, ती रसग्रहणात यायला हवी होती. आधी स्टुअर्टचा चेहरा दाखवायचा, तो काहीतरी बघतोय. मग टोपलीतून खाली सोडलेलं कुत्र्याचं पिल्लू. मग पुन्हा स्टुअर्ट, हसणारा. वाटतं, किती मायाळू माणूस. आता मधलं पिल्लू काढायचं, त्या जागी खिडकीत अर्धवट कपड्यांतली बाई ठेवायची. हसणारा चेहरा तोच, फिल्मचा तुकडा तोच. आता तो माणूस लंपट वाटतो.

तुमची क्लिप तीन मिनिटांची आहे. त्यात पिशव्यांचं दृश्य पंधरा सेकंदांचं. बाकीच्या वेळात तुमचा 'तपास' दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत केस वाळवणाऱ्या मुलीवर झूम होऊन थांबला आहे. तिथे खुनाचा कुठला धागा मिळत होता? उत्तर दे की. आता मान खाली घालून काय उपयोग? फोन हातात धरला होतास तेव्हा मान चांगली वर होती. जागरूक नागरिक! तुमचा चेहरा दोन्ही वेळा तोच होता. मध्ये काय ठेवलं होतं, त्यावरून तुम्ही कोण ते ठरलं.

आणि असं समजू नका, की चित्रपटाने तुम्हाला आधी बजावलं नव्हतं. सुरुवातीलाच स्टेला येते. जेफची शुश्रूषा करणारी, थेल्मा रिटरने काय झोकात केली आहे ती! आल्या आल्या ती जेफला झापते. खिडकीतून लोकांच्या घरात डोकावणाऱ्याला या राज्यात सहा महिन्यांची सजा आहे, हे ऐकवते. लोकांनी कधीतरी आपल्या घराबाहेर उभं राहून आपल्याच घरात डोकावून बघावं, असंही म्हणते. आमची आजी एवढंच कमी शब्दांत सांगायची: आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून. कानउघाडणी पहिल्या दहा मिनिटांत झाली होती. तुम्ही खुनाची वाट बघत होतात, म्हणून ती तुम्हाला 'सुरुवातीचा संथ भाग' वाटली. हा शेरा कोणाच्या वहीतला, ते मी सांगत नाही.

आता त्या आवारातल्या माणसांकडे या. एकटी राहणारी एक बाई आहे. दोघांसाठी टेबल मांडते, समोरच्या रिकाम्या खुर्चीला बसवते, त्या नसलेल्या पाहुण्यासाठी पेला उंचावते आणि मग हातांत डोकं घालून रडते. जेफ तिला 'मिस लोनलीहार्ट' म्हणतो. नाचाचा सराव करणारी मुलगी, तिला 'मिस टॉर्सो'. हे त्याने ठेवलेलं नाव. तिचं खरं नाव त्याला माहीत नाही, कारण त्याने कधी विचारलं नाही. आठवडेच्या आठवडे तो तिला पाहतो आणि एकदाही ओळख करून घ्यावी असं त्याला वाटत नाही. तुमच्या ग्रुपवरही समोरच्यांची नावं आहेत. 'टकला', 'भांडकुदळ', 'सेकंड फ्लोअर'. सेकंड फ्लोअर म्हणजे ती केस वाळवणारी मुलगी. ती दहिसर स्टेशनवरून तुमच्याच लोकलने कॉलेजला जाते. तिला मजल्यावरून ओळखता.

मग ते टोपलीतलं कुत्रं मरतं. खुन्याने बागेत जे पुरलं होतं ते उकरायला लागलं म्हणून त्याचा जीव गेला. त्याची मालकीण सज्जात उभी राहून अख्ख्या आवाराला ओरडून विचारते, की तुम्हाला शेजारी म्हणवून घ्यायची लाज कशी वाटत नाही, कोणी जगला-मेला याचं कोणाला काहीच कसं नाही. सगळे खिडकीत येतात. ऐकतात. थोड्या वेळाने आत निघून जातात. पार्टी चालू होती तिथे पार्टी पुन्हा सुरू. आणि जेफ? त्या रडण्यातून तो एवढंच उचलतो, की फक्त थॉर्वाल्डच्या खिडकीत कोणी आलं नाही. तिथे अंधारात विडीचं टोक तेवढं लाल होतंय. धागा सापडला! त्या बाईचं दुःख त्याच्यासाठी धागा झालं.

आता मला सांगा, त्या मेलेल्या कुत्र्याजवळ अंगणात उतरून कोण जातं? कोण त्याला हात लावून बघतं आणि उचलून टोपलीत ठेवतं? हात वर करा. एकही नाही? ती एकटी राहणारी बाई जाते. जिच्यावर तुम्ही 'करुण पात्र' असा एका ओळीत शिक्का मारलात, ती जिना उतरते. दुर्बीणवाले वरच बसतात. या चित्रपटात शेजारधर्म पाळणारी व्यक्ती शोधायची असेल, तर ती तिथे आहे. तुम्ही बघत होतात लाल टोक.

बोल. हात वर केलास म्हणजे बोलायचंय. 'पण बाई, जेफचं खरंच ठरलं ना शेवटी? थॉर्वाल्डने खून केलाच होता ना?' वाटच बघत होते या प्रश्नाची. बस खाली.

ठरलं. कारण पटकथेत तसं लिहिलं होतं. लेखकाने खुनी समोर बसवून ठेवला होता, म्हणून दुर्बीण बरोबर ठरली. तुमच्या समोरच्या खिडकीत रद्दी होती. अंदाज बरोबर निघाला म्हणून वागणं बरोबर ठरत नाही. तसं असतं तर कॉपी करून पास झालेल्या प्रत्येकाचा मी सत्कार केला असता. आणि हिचकॉक काय जेफला फुकट सोडतो? लिसा खुन्याच्या घरात शिरते, थॉर्वाल्ड परत येतो, तिला धरतो, आणि हा समोरून सगळं बघतो. हलता येत नाही, काही करता येत नाही. आतापर्यंत मजेने बघितलं, आता नाइलाजाने बघ. त्या वेळी तो एकच उपयोगी गोष्ट करतो. पोलिसांना फोन. सबंध चित्रपटात त्याच्या डोळ्यांनी कोणाचं भलं झालं असेल, तर ते त्या फोनमुळे. नंतर थॉर्वाल्ड त्याच्या खोलीत येतो आणि अंधारात विचारतो, की तुला माझ्याकडून हवंय तरी काय? पैसे हवेत का? बोल काहीतरी. जेफकडे उत्तर नसतं. विचारणारा खुनी आहे, तरी प्रश्न चोख आहे. त्या चिपळूणच्या वहिनींच्या नवऱ्याने उद्या तुमच्यासमोर उभं राहून हेच विचारलं, तर काय सांगाल? 'काका, बोअर झालं होतं'?

शेवटी जेफ खिडकीतून खाली पडतो आणि दुसराही पाय मोडून घेतो. दोन्ही पाय प्लास्टरमध्ये, पाठ आता खिडकीकडे. हा तुम्हाला विजय वाटला?

दुसरी पळवाट एका वहीत मोठ्या अलंकारिक भाषेत आली आहे. 'आपल्या चाळसंस्कृतीत दारे सदैव उघडी असत, सर्वांना सर्वांचे माहीत असे, त्यामुळे पाहणे हा आपला वारसा आहे.' वारसा! चाळीत मी वाढले आहे. त्या वारशाबद्दल दोन शब्द मला बोलू द्या. गॅलरीत बसलेल्या काकू आम्हाला बघायच्या, हे खरं. पण आम्हीही काकूंना बघायचो. कोण बघतंय हे बघितलं जाणाऱ्याला ठाऊक असायचं. रात्री उशिरा आलो तर काकू तोंडावर विचारायच्या, 'काय गं, कुठे होतीस?' आणि आई आजारी पडली तर त्याच काकू पातेलंभर भात-आमटी घेऊन यायच्या. चोंबडेपणा होता, चिकार होता, त्याचा जाचही होता. पण त्याला चेहरा होता आणि उलट जाब विचारायची सोय होती. जेफ काय करतो? पकडला जाऊ नये म्हणून खुर्ची मागे सरकवून अंधारात जातो. तुम्ही गच्चीवर टाकीच्या आड बसलात. ज्याला लपून बघावं लागतं, त्याने वारशाच्या गोष्टी करू नयेत.

आपलं दहिसर बघा. विमानतळ प्राधिकरणाच्या इथल्या केंद्रामुळे बऱ्याच इमारतींना वर्षानुवर्षं उंची मिळाली नाही. चार-पाच मजली घरं, खिडकीसमोर खिडकी, मध्ये एक गल्ली. त्यात २०२२ पासून मेट्रो वरून धावायला लागली. ओवरीपाडा, आनंदनगर, कांदरपाडा, गाडी जाते ती लोकांच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या पातळीवरून. इथे दिसणारच. कोणाचं वाळत घातलेलं दिसेल, कोणाचं भांडण दिसेल. दिसणं हा दोष नाही. दिसल्यावर फोन बाहेर काढणं हा दोष आहे. गर्दीच्या शहरात सभ्य माणसं नजर वळवायला शिकतात, तेवढ्यावरच इथे एवढी माणसं एकमेकांजवळ राहू शकतात.

आणि क्लिप ग्रुपवर गेल्यावर जे होतं, त्याचं नाटक विजय तेंडुलकरांनी १९६७ मध्येच रंगभूमीवर आणलं होतं. 'शांतता! कोर्ट चालू आहे'. रंगायनने केलं, अरविंद देशपांडे दिग्दर्शक, सुलभा देशपांडे लीला बेणारे. वेळ जात नाही म्हणून चार लोक गंमत म्हणून खोटा खटला भरवतात आणि बघता बघता एका बाईचं खासगी आयुष्य फाडून टेबलावर ठेवतात. बेणारे शिक्षिका आहे. मला ते नाटक कधी निवांत बघवलं नाही. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिर्यादी आहेत, न्यायाधीश आहेत, टाळ्या वाजवणारे आहेत. आरोपीला मात्र ग्रुपमध्ये घेतलेलं नाही.

'मग बाई, शेजारी काहीही होवो, आपण डोळे मिटून बसायचं का?' हा प्रश्न मात्र चांगला आहे. तू उभी राहिलीस म्हणून तुला सांगते, बाकीच्यांनी लिहून घ्या.

दहिसरच्या पुढचं स्टेशन मीरा रोड. २०२३ च्या जूनमध्ये तिथल्या एका इमारतीत सातव्या मजल्यावर काय उघडकीला आलं, ते तुम्हाला माहीत आहे. तपशील मी सांगणार नाही. तुम्हाला ते पाठ आहेत, त्यावरचे विनोदही पाठ आहेत. त्या मेलेल्या बाईविषयी काही आठवतं का, विचारलं तर गप्प बसाल. पण ते बाहेर कसं आलं? कोणी दुर्बीण लावली नव्हती. मजल्यावर दुर्गंधी यायला लागली, शेजाऱ्यांनी त्या घराचं दार वाजवलं, विचारलं, उत्तर पटलं नाही, पोलिसांना कळवलं. पोलिसांनी दार उघडलं. त्या जोडप्याचं कोणाशी बोलणंचालणं नव्हतं, असं नंतर शेजारीच सांगत होते. ओळख नव्हती, तरी ते दारापर्यंत गेले.

आपल्याच दहिसर पूर्वेला २०२१ साली, लॉकडाउनच्या दिवसांत, एक माणूस नाहीसा झाला आणि त्याचा मृतदेह त्याच्याच घरात, स्वयंपाकघराच्या फरशीखाली सापडला. तो तपासही हरवल्याच्या तक्रारीपासून सुरू झाला. पोलिस ठाण्यात जाऊन, स्वतःचं नाव-पत्ता लिहून, सही करून तक्रार द्यावी लागते. तुमच्या क्लिपवर कोणाची सही आहे?

हा फरक. घरात मारहाणीचा आवाज आला, तर बेल वाजवा. २००८ मध्ये ब्रेकथ्रू या संस्थेने 'बेल बजाओ' नावाची मोहीमच काढली होती. त्या जाहिरातींत शेजारचा माणूस किंवा मुलगा जाऊन बेल वाजवतो आणि काहीतरी किरकोळ मागतो, वाटीभर दूध, नाहीतर क्रिकेटचा चेंडू. भाषण देत नाही. मारणाऱ्याला एवढंच कळतं, की बाहेर माणसं आहेत. एकट्याने जायची भीती वाटली तर मोठ्या माणसाला बरोबर घ्या. धोका दिसला तर ११२ फिरवा. लहान मुलाचं काही असेल तर १०९८, बाईचं असेल तर १८१. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा आहे, त्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतो, आणि प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर कारवाई होत नाही. एवढ्या सोयी आहेत. गच्ची, झूम आणि पिवळे चेहरे यांची त्यात कुठे गरज पडली?

त्या रात्री भांडण ऐकून तुमच्यापैकी एकाने तरी ती बेल वाजवली का? नाही. म्हणजे ती बाई खरोखर संकटात असती, तरी तुमचा तिला काडीचा उपयोग नव्हता. तुम्ही चार दिवस तिच्या मरणाची वाट बघितलीत. हे मी कितीही कठोर शब्दांत सांगितलं तरी कमीच पडेल.

आता कायद्याचं, कारण काहींना लाजेपेक्षा कलम लवकर कळतं. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या अत्याचारानंतर न्यायमूर्ती वर्मा समिती बसली, २०१३ मध्ये कायदा बदलला. खासगी कृतीत असलेल्या स्त्रीला चोरून पाहणं, तिचं चित्रण करणं किंवा ते पसरवणं हा तेव्हापासून स्वतंत्र गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७७. पहिल्यांदा दोषी ठरलात तर एक ते तीन वर्षं, पुन्हा केलंत तर तीन ते सात. खिडकीत केस वाळवणं त्या व्याख्येत बसत नाही, म्हणून तुम्ही वाचलात. ती मुलगी खिडकीपासून चार पावलं आत कपडे बदलत असती आणि तुमचा झूम तिथे पोहोचला असता, तर आज हा तास मी घेत नसते, पोलिस घेत असते. एखाद्या माणसाला जाहीरपणे खुनी म्हणणं ही बदनामी, कलम ३५६. आणि २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की खासगीपण हा मूलभूत अधिकार आहे. नागरिकशास्त्रात मूलभूत हक्कांवर तुम्हाला पैकीच्या पैकी गुण पडतात. पेपर संपला की ते हक्क शेजाऱ्याला लागू होत नाहीत, असं कोणी शिकवलं?

तुमच्या घरच्यांचाही यात वाटा आहे. सोसायटीच्या ग्रुपवर ती क्लिप पुढे ढकलणारे तुमच्या वयाचे नव्हते. 'खरं-खोटं माहीत नाही, पण सावध राहा' असं लिहून पाठवणारे सद्गृहस्थ, जिन्यावरच्या सीसीटीव्हीतून कोणाची मुलगी किती वाजता आली याची चित्रं काढून फिरवणारे सचिव, यांचा वर्ग मला घेता येत नाही. पालकसभा मात्र घेता येते. शुक्रवारी आहे. त्यांनाही उभं करणार आहे.

आता शिक्षा. क्लिप प्रत्येकाने फोनमधून काढायची, ज्याला ज्याला पाठवली त्याला काढायला सांगायचं, आणि त्याच ग्रुपवर, जिथे 'मर्डर कन्फर्म' लिहिलंत तिथेच, 'आम्ही खोटं पसरवलं' असं स्वतःच्या नावासकट लिहायचं. माफी मागायला लगेच त्यांच्या दारात धावू नका. तुमच्या मनाच्या शांतीसाठी त्या घराने पुन्हा दार उघडायला नको. आधी मी त्या दोघांना भेटते, त्या मुलीलाही भेटते. त्यांना तुमचं तोंड बघायचं असेल तर जाल. त्यांना पोलिसांत जायचं असेल, तर मी त्यांच्याबरोबर जाईन, तुमच्याबरोबर नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे नंतर 'बाई आमच्या असून' असं कोणी म्हणायला नको.

आणि रसग्रहण पुन्हा लिहायचं. गुरुवारपर्यंत. खून, दुर्बीण, सस्पेन्स, यांतला एकही शब्द मला नको. त्या चित्रपटात जिला मारलं तिचं नाव ॲना थॉर्वाल्ड. अंथरुणाला खिळलेली, समोरच्या खिडकीत चार-दोन वेळा दिसलेली बाई. तिच्याविषयी एका पानात लिहा: ती तिथे होती तोपर्यंत आवारातल्या कोणाला तिची किती पडली होती, आणि पडली असती तर कोणी काय केलं असतं. एवढं लिहिता आलं, तर चित्रपट समजला असं मी धरेन. नाही आलं, तर या वर्षी तुम्हाला मी दुसरा चित्रपट दाखवणार नाही.

घंटा झाली. पण अजून कोणी उठायचं नाही. सगळ्यांनी फोन बाकावर ठेवा आणि क्लिप माझ्यासमोर पुसा. तू आधी.